कीर्द तिची, खतावणी माझी

दिवाळी अंकात सदरवाल्याने फराळाविषयी लिहावे, निदान जावयाच्या पहिल्या दिवाळसणाविषयी तरी लिहावे, अशी वाचकांची अपेक्षा असते आणि ती रास्तच आहे. मी मात्र एका दाढेपासून सुरुवात करणार आहे. दाढ माझीच, उजवीकडची, खालची. २०२५ सालच्या जानेवारीत तिने मला तीन रात्री जागवले. चौथ्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी दंतवैद्यांना फोन करून वेळ ठरवली आणि आपल्या मोबाईलमधल्या यादीत ती नोंदवून त्या ठाण्याला मुलीकडे निघून गेल्या, कारण नातवाला ताप होता. जाताना म्हणाल्या, "तुमच्या त्या वहीत येईलच म्हणा आपोआप."

वहीत ती आली. मंगळवार, ७ जानेवारी, साडेचार. मी वामकुक्षी आटोपली, दात दोनदा घासले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि बरोबर साडेचारला दवाखान्यात हजर झालो. दाराशी बसलेल्या मुलीने रजिस्टर उघडले, त्यावरून बोट फिरवले आणि अतिशय गोड आवाजात सांगितले, "काका, तुमची वेळ सकाळी दहाची होती. आम्ही फोनसुद्धा केला." फोन आला होता हे खरे. अनोळखी नंबरवरून आला की मी घेत नाही. कर्ज हवे का म्हणून विचारतात.

साडेसहा तासांची ही चूक कोणाची, याचा शोध घेता घेता मी जिथे जाऊन पोचलो ती हकीकत सांगायची आहे. पण त्याआधी आमच्या घरातल्या दोन वह्यांची ओळख करून द्यायला हवी.

मी एका विमा कंपनीच्या हिशेब खात्यात छत्तीस वर्षे काढली. निवृत्त झाल्यावर माणसाला वही सुटत नाही. आमच्या भाचेबुवांनी, जे संगणकाच्या धंद्यात आहेत, मला माझ्या स्वभावाला मानवेल असे एक साधन बसवून दिले. ईमॅक्स नावाचा, मजकूर लिहिण्याचा एक जुना प्रोग्रॅम आहे. १९७६ साली अमेरिकेत एमआयटीत तो जन्माला आला, आणि १९८५ पासून रिचर्ड स्टॉलमन यांच्या कृपेने तो कोणालाही मोकळेपणाने वापरता येतो. त्याच्या पोटात कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली ऑर्ग-मोड नावाची एक सोय घातली. आकाशातले ग्रहतारे वेळेवर उगवतात. पृथ्वीवरची कामे उगवत नाहीत, हे त्या गृहस्थाच्याही ध्यानात आले असावे.

ही सोय म्हणजे दुसरेतिसरे काही नाही, साधी मजकुराची फाईल. ओळीच्या आरंभी एक चांदणी टाकली की ते झाले मुख्य कलम, दोन टाकल्या की पोटकलम. पुढे 'टूडू' लिहिले की ते करायचे काम, 'डन' लिहिले की झालेले. कोनी कंसात तारीख लिहिली की त्या दिवशीच्या पानावर ती ओळ आपली आपण हजर होते. ना चित्रे, ना रंगीत बटणे, ना मधेच येणारी साबणाची जाहिरात. उद्या हा प्रोग्रॅम बंद पडला तरी फाईल कोणत्याही संगणकावर उघडते आणि वाचता येते. आमच्या सोसायटीचा मी खजिनदार असल्यामुळे पाणीपट्टीपासून लिफ्टच्या वर्गणीपर्यंत (लिफ्ट अजून यायची आहे, वर्गणी कधीच सुरू झाली आहे) सगळे याच फाईलीत असते.

दुसरी वही सौभाग्यवतींची. ती त्यांच्या मोबाईलमध्ये आहे, म्हणजे खरे तर कुठे आहे देव जाणे. इंटरनेटवर कामांच्या याद्या ठेवणारी एक सेवा आहे, तिथे आहे. हिचा मोठा गुण असा की ती एकाच वेळी डोंबिवलीत आमच्या हिला, ठाण्यात मुलीला आणि बेंगळुरात सूनबाईंना दिसते. गॅसचा सिलिंडर, भिशी, नातवाचे इंजेक्शन, कामवाल्या बाईंची सुट्टी, कोणाचा वाढदिवस, कोणाचे डोहाळजेवण, असा चौदा भुवनांचा कारभार त्या यादीत चालतो. भाजी निवडता निवडता ही मोबाईलला नुसते सांगते आणि तो लिहून घेतो. छत्तीस वर्षांत माझे कोणी असे लिहून घेतले नव्हते.

सुरुवातीला मी तिच्या यादीतल्या नोंदी हाताने माझ्या फाईलीत उतरवून घेत असे. एका महिन्यात दोनदा चुकलो. दुसऱ्यांदा चुकलो तेव्हा माझ्या मेहुण्यांची पंचाहत्तरी होती, त्यामुळे अधिक लिहीत नाही. तेव्हा २०२४ च्या नाताळच्या सुट्टीत भाचेबुवा आले, त्यांना मी बसवून घेतले.

"सोपं आहे मामा," ते म्हणाले. "दोन्हीकडून सिंक करून टाकू. मामीनं तिकडे लिहिलं की तुमच्याकडे येईल, तुम्ही इकडे लिहिलंत की मामीकडे जाईल."

"थांब," मी म्हटले. "सिलिंडरची ओळ तिच्या यादीत आहे, माझ्या वहीत नाही. याचा अर्थ काय? तिनं ती नवी लिहिली, की मी माझ्याकडची खोडली?"

भाचेबुवांनी चहाचा कप खाली ठेवला. 'नाही' या गोष्टीचे दोन अर्थ होतात, आणि नुसत्या दोन वह्या शेजारी ठेवून कोणता अर्थ खरा हे सांगता येत नाही, हे पासबुकाचा मेळ घालणाऱ्या कोणत्याही कारकुनाला ठाऊक असते. त्यासाठी मागच्या वेळी मेळ घातला तेव्हा काय स्थिती होती याची तिसरी नोंद लागते.

"बरोबर. कालची प्रत जपून ठेवावी लागेल," ते म्हणाले.

"आणि तिनं ती ओळ बुधवारवर नेली, मी शुक्रवारवर नेली, तर?"

"मग ज्यानं शेवटी बदल केला त्याचं खरं धरायचं."

आमच्या घरात शेवटचा शब्द कोणाचा असतो हे ठरवायला संगणक लागत नाही. मी भाचेबुवांना कीर्द आणि खतावणी समजावून सांगितली. कीर्द म्हणजे रोजची नोंदवही. जे घडेल ते घडेल त्या क्रमाने तिच्यात लिहायचे. खतावणी म्हणजे त्याच नोंदी खात्याखात्याला लावून घेतलेल्या. कीर्दीवरून खतावणी होते. खतावणीवरून कीर्द झालेली मी पाहिली नाही, आणि जिथे झाली तिथे पुढे पोलीस आले. तेव्हा सौभाग्यवतींची यादी ही कीर्द. माझ्या संगणकात त्यावरून एक वेगळी फाईल तयार व्हावी, तिला मी हात लावणार नाही, फक्त वाचणार. माझी स्वतःची फाईल निराळी. रोजच्या पानावर मात्र दोन्हींमधले एकत्र दिसावे.

भाचेबुवांना हे पटले, कारण त्यांचे अर्धे काम वाचले. ती ऑनलाइन सेवा आपल्या नोंदी आयकॅलेंडर नावाच्या बोलीत बाहेर देते. १९९८ साली ठरलेली आणि २००९ साली सुधारलेली ही बोली जगातल्या बहुतेक दिनदर्शिकांना समजते, आणि गंमत म्हणजे तीसुद्धा साधा मजकूरच आहे: आरंभ कधी, शेवट कधी, विषय काय, आणि प्रत्येक नोंदीला एक यूआयडी, म्हणजे आपल्या पावतीवर असतो तसा न बदलणारा क्रमांक. तो असतो म्हणून एकच नोंद दहा वेळा आणली तरी तिच्या दहा ओळी होत नाहीत. भाचेबुवांनी तासाभरात पन्नाससाठ ओळींचा प्रोग्रॅम लिहिला, दर अर्ध्या तासाने तो आपोआप चालेल अशी व्यवस्था केली, पुरणपोळी खाल्ली आणि ते पुण्याला गेले. पंधरा दिवस सारे सुरळीत होते. सिलिंडर आला, भिशी झाली. या साऱ्या दिवसभराच्या नोंदी होत्या. घड्याळाची वेळ लिहिलेली पहिली नोंद माझ्या दाढेची.

आता ती साडेसहा तासांची भानगड. त्या सेवेने दहाची वेळ बाहेर देताना दहा अशी दिलीच नव्हती. साडेचार अशी दिली होती आणि तिच्या शेपटाला रोमन लिपीतले 'झेड' हे अक्षर लावले होते. त्या झेडचा अर्थ असा की ही वेळ जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे आहे, आपल्या गावच्या घड्याळात मिळवून घ्या. भारताचे घड्याळ तिच्यापुढे साडेपाच तास. साडेचार अधिक साडेपाच बरोबर दहा. भाचेबुवांच्या प्रोग्रॅमने घाईत ते झेड गाळले आणि माझ्या फाईलीत ०४:३० अशी ओळ आली. खरे तर हा आकडा पहाटेचा होता; चोवीस तासांच्या घड्याळात दुपारचे साडेचार १६:३० असतात. पण पहाटे साडेचारला कोणता दंतवैद्य दवाखाना उघडतो? तेव्हा मी आपल्या अकलेने त्याची दुपार केली. म्हणजे चूक दोघांची. मी फोनवर फक्त त्यांची सांगितली.

झेड दुरुस्त झाले. त्याच फोनवर मी आणखी एक बदल करून घेतला, आणि आज वाटते, नशीब की करून घेतला. पहिला प्रोग्रॅम दर वेळी जुनी फाईल पुसून नवी लिहीत असे. सौभाग्यवतींनी यादीतून एखादी ओळ काढली की माझ्याकडून ती नाहीशी होई, जणू कधी नव्हतीच. हे माझ्या हिशेबी जिवाला सोसवेना. हिशेबाच्या वहीत खाडाखोड नसते. चूक झाली, व्यवहार मोडला, तर उलट नोंद घालतात. पहिली नोंद तिथेच राहते. मी भाचेबुवांना सांगितले, "ओळ गेली तर पुसायची नाही. तिच्यापुढे 'रद्द' असं लिहायचं."

त्यांनी ते छान केले. वेळ येण्याआधीच एखादी नोंद यादीतून गेली, तर प्रोग्रॅम माझ्या फाईलीत तिच्यापुढे 'रद्द' लिहितो आणि तारखेचा कोनी कंस बदलून चौकोनी करतो. चौकोनी कंसातली तारीख रोजच्या पानावर येत नाही. फाईलीत मात्र ओळ जागच्या जागी असते. वेळ होऊन गेल्यावर गेली तर ती साधी होऊन गेलेली गोष्ट, तिला काही करायचे नाही. कोणी म्हणेल, निवृत्त माणसाला उद्योग नाहीत. खरेच नसतात.

जाता जाता एक सांगून टाकतो, कारण दिवाळी अंक आहे. दर दुसऱ्या मंगळवारी, दर महिन्याच्या शेवटच्या शुक्रवारी, असल्या पुनरावृत्त्या या बोलीला उत्तम कळतात. तिथी कळत नाही. भाचेबुवांनी माझ्या वडिलांचे वर्षश्राद्ध मोठ्या भक्तिभावाने 'दर वर्षी याच तारखेला' असे घालून ठेवले होते. लक्ष्मीपूजन २०२२ साली २४ ऑक्टोबरला होते. २०२३ साली अधिक श्रावण आला आणि ते १२ नोव्हेंबरवर गेले. २०२४ साली ३१ ऑक्टोबर की १ नोव्हेंबर यावरच घरोघर वाद झाले. चंद्र अकरा दिवस मागे सरकतो, मग अधिक महिना त्याला पुढे ढकलतो, आणि हे 'दर वर्षी' या दोन शब्दांत मावत नाही. ईमॅक्सच्या दिनदर्शिकेत मेक्सिकोकडच्या प्राचीन माया लोकांची तारीख निघते, फ्रेंच राज्यक्रांतीच्या पंचांगाची निघते. मी वापरतो त्यात कार्तिक वद्य द्वितीया निघत नाही. ती मी भिंतीवरच्या 'कालनिर्णय'मधून दर वर्षी हाताने उतरवून घेतो.

तर ३१ मार्च. बाकीच्या जगात मार्चअखेर कंपन्यांची असते, माझ्याकडे फाईलींची. २०२५ साली ३० तारखेला पाडवा झाला, गुढी उतरली, आणि दुसऱ्या दिवशी सोमवारी मी सकाळीच बसलो. माझी फाईल तपासून झाली. मग जिला हात लावायचा नाही असे ठरले होते ती, सौभाग्यवतींच्या कीर्दीवरून आलेली फाईल, नुसती वाचावी म्हणून वरपासून खाली वाचू लागलो. तीन महिन्यांचा संसार. मधेमधे 'रद्द' लिहिलेल्या ओळी. मला वाटले होते, पाचपन्नास सापडतील. नऊ होत्या. कामवाल्या बाईंच्या सुट्ट्या, एक साखरपुडा, काय नि काय. आणि त्यांतल्या चार ओळींत एकच मजकूर होता.

"माझं इको." बुधवार, २९ जानेवारी, सकाळी अकरा. रद्द.

"माझं इको." बुधवार, १२ फेब्रुवारी. रद्द.

गुरुवार, २७ फेब्रुवारी. रद्द. गुरुवार, २० मार्च. रद्द.

इको म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, एवढे मला माहीत होते. ती हिला कोणी, केव्हा, कशासाठी सांगितली, हे माहीत नव्हते.

मी माझी फाईल शेजारी उघडली आणि त्या चार तारखा लावून पाहिल्या. ही सवय जात नाही. एक आकडा दिसला की त्याची दुसरी बाजू शोधायची. २९ जानेवारी: नागपूरहून माझी वहिनी आली होती, आठ दिवस. १२ फेब्रुवारी: नातवाच्या शाळेचे स्नेहसंमेलन, तो त्यात झाड झाला होता. २० मार्च: पाडव्याआधीची साफसफाई, माळ्यावरची भांडी. आणि २७ फेब्रुवारीला माझ्या वहीत माझ्याच अक्षरात, म्हणजे माझ्याच टंकात, लिहिलेले होते: 'दाढ, शेवटची बैठक, अकरा वाजता.' पहिलीच बैठक मी हुकवल्यामुळे रूट कॅनलचे सगळे वेळापत्रक पुढे सरकत सरकत येऊन तिथे पडले होते. इंजेक्शन दिल्यावर मला घेरी येते, म्हणून त्या दिवशी सौभाग्यवती माझ्याबरोबर आल्या होत्या. बाहेरच्या बाकावर मासिक वाचत बसल्या होत्या. परत येताना आम्ही फालुदा घेतला होता.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. गेले काही महिने ही दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पिशवी खाली ठेवून थांबत असे. मी वरून विचारी, "काय गं?" ती म्हणे, "भाजी जड आहे." मी ते खरे मानून चाललो होतो. हिशेब तपासनीस म्हणून माझी गोपनीय अहवालात तारीफ झालेली आहे.

इथे एक बारीक गोष्ट सांगतो. सौभाग्यवतींना त्या यादीतली तारीख बदलता येत नाही. म्हणजे येईल, पण कोणी दाखवलेले नाही. ती जुनी नोंद काढून टाकते आणि नवी करते. नवी नोंद म्हणजे नवा क्रमांक. तिने नुसती तारीख पुढे ढकलली असती तर यूआयडी तोच राहिला असता, ओळ जानेवारीवरून फेब्रुवारीवर, तिथून मार्चवर निमूट सरकली असती आणि मागे काही खूण उरली नसती. एकच ओळ, कायम पुढच्या महिन्यात.

मी स्वयंपाकघरात गेलो. ही आदल्या दिवशीच्या श्रीखंडाचा डबा धूत होती.

"इको कशाचं गं?"

तिने नळ बंद केला नाही. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वहीनं."

"मेली चुगलखोर," ती म्हणाली. मग म्हणाली, "अहो, काही नाही. डिसेंबरात जरा धाप लागत होती, म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले होते. ते म्हणाले, करून घ्या एकदा. घेईन की. मी काय नाही म्हटलंय का?"

"चार वेळा म्हटलं आहेस."

"ते नाही म्हणणं नव्हे. ते नंतर म्हणणं."

यावर मला उत्तर सुचले नाही. मी आवाज चढवला, हे कबूल करतो. ती म्हणाली, ओरडू नका, शेजारी ऐकतील. मग दोघेही जेवायच्या टेबलाशी बसलो आणि बराच वेळ कोणी बोलले नाही. मी तिच्याच फोनवरून वेळ घेतली.

शुक्रवारी, ४ एप्रिलला, आम्ही गेलो. वीस मिनिटांची तपासणी. बाहेरच्या बाकावर या वेळी मी बसलो होतो. हृदयाच्या डाव्या कप्प्याची भिंत थोडी जाड झाली आहे, रक्तदाब बरेच दिवस वर असावा, असे निघाले. डॉक्टर शांत गृहस्थ होते. रोज एक गोळी, मीठ कमी, रोज चालणे, घरी आठवड्यातून दोनदा दाब मोजून लिहून ठेवणे, सहा महिन्यांनी पुन्हा इको. "वेळेवर आलात, असंच म्हणू," ते म्हणाले, आणि माझ्याकडे न बघता पुढे म्हणाले, "थोडं आधी आला असतात तर आणखी बरं."

घरी येऊन मी प्रथमच ठरलेला नियम मोडला. सहा महिन्यांनंतरचा इको मी तिच्या कीर्दीवर सोडला नाही, माझ्या फाईलीत लिहिला. आणि लिहिताना आणखी एक फरक केला. ऑर्ग-मोडमध्ये तारीख दोन तऱ्हांनी लावता येते. नुसती कोनी कंसात लिहिली तर ती भेटीची वेळ: त्या दिवशी दिसते, दिवस गेला की गेली. लग्नाला, सभेला, दंतवैद्याला हीच योग्य. त्या साधनाच्या माहितीपुस्तकातही तसेच बजावले आहे. पण तारखेआधी 'शेड्यूल्ड' हा शब्द लावला की ते होते करायचे काम, आणि ते मात्र त्या तारखेपासून रोजच्या रोज पानाच्या माथ्यावर येऊन उभे राहते. किती दिवस झाले तो आकडा शेजारी वाढत जातो. 'डन' म्हणेपर्यंत हटत नाही. धनकोच्या माणसासारखे दाराशी बसते. माहितीपुस्तकाच्या लेखकाची क्षमा मागून मी डॉक्टरांची भेट दुसऱ्या तऱ्हेने लिहिली. तारीख घातली ६ ऑक्टोबर.

६ ऑक्टोबर आली. सौभाग्यवती म्हणाल्या, "आता दिवाळीनंतर बघू. चकलीची भाजणी व्हायची आहे." मी काही बोललो नाही. सात तारखेला सकाळी संगणक उघडा ठेवून मी आंघोळीला गेलो. आठला गेलो. नऊला तिने विचारले, "ती माझी ओळ अजून तिथंच का आहे?"

"झालं की खूण करीन."

"आणि तो आकडा कसला?"

"दिवस मोजतो तो."

सोमवारी, १३ ऑक्टोबरला, आम्ही जाऊन आलो. भिंत वाढलेली नव्हती, दाब ताब्यात होता. जिन्यात ती अजूनही दुसऱ्या मजल्यावर थांबते, पण आता पिशवी माझ्या हातात असते आणि मीच थांबायचे निमित्त शोधतो. घरी आल्यावर मी समारंभपूर्वक 'डन' टंकले. ती मागे खुर्चीला टेकून बघत होती. चष्मा लावून तिने माझे सगळे पान वरून खाली वाचले.

"तुमच्या दाढेवर कॅप बसवायची होती ना? दोन महिन्यांत या म्हणाले होते. फेब्रुवारीत."

"होती."

"ती ओळ कुठं आहे?"

ती ओळ नव्हती. उलट नोंद, चौकोनी कंस, खाडाखोड नाही, हे सगळे नियम भाचेबुवांनी लिहिले होते ते तिच्या यादीवरून येणाऱ्या फाईलीपुरते. माझ्या स्वतःच्या फाईलीवर पहारा ठेवायला मी कोणाला सांगितलेच नव्हते. मे महिन्यात एके दिवशी, बहुधा आंब्याच्या नादात, ती ओळ मी माझ्याच हाताने खोडून टाकली होती. काही दुखत नव्हते.

"नंतर बघू म्हटलं," मी म्हणालो.

तिने ओट्यावरचा मोबाईल उचलला, तोंडाजवळ धरला आणि त्याला सावकाश, स्पष्ट शब्दांत सांगितले: यांची दाढ, कॅप, गुरुवारी सकाळी दहा वाजता. मग तो परत ठेवून ती भाजणीकडे वळली.

"अर्ध्या तासात येईल बघा तुमच्या वहीत," ती म्हणाली. "आणि दहा म्हणजे सकाळचे."